मुलीला कुठे घालायचे?

पूर्वी शाळेचा विषय घरात मे महिन्याच्या शेवटी निघायचा. आता दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच निघतो. ज्या घरात अडीच वर्षांचे मूल आहे, त्या घरी संध्याकाळी पाहुणे आले तरी बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. कुठल्या शाळेचे फॉर्म निघाले, रांग किती वाजता लागते, देणगी किती, बस दारापर्यंत येते का. शेजारणीच्या बहिणीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचा सल्ला घेतला जातो. माझी नोकरी बँकेतली, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. नव्या गावी ट्रंका उतरल्या की आधी गॅस आणि मग शाळा, हा आमचा क्रम. अशाच एका शहरात माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला मुलाखतीला बसवून वांग्याचा रंग विचारला होता. आम्ही नुकतेच कृष्णाकाठची बदली संपवून आलो होतो. तिकडची वांगी हिरवी. त्याने हिरवा सांगितला आणि तो नापास झाला. घरी येताना तो माझ्या स्कूटरवर पुढे उभा राहून गाणे म्हणत होता आणि मी मागे खट्टू होऊन बसलो होतो.

मुलाला कुठे घालायचे हा प्रश्न आपल्याला घरगुती वाटतो. पण शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाने एका बाईचे सगळे आयुष्यच बदलून टाकले, आणि तिच्यामुळे पुढे महाराष्ट्रातल्या लक्षावधी मुलांचे. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाच्या चळवळीतले. मुलींना शाळेत धाडणारी घरे त्या काळी बोटांवर मोजण्याइतकी, पण या घरात मुलीने शिकायचे हे गृहीतच होते. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झाले, मुलगी झाली, तिचे नाव प्रभा. संसार मात्र टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला. आज आपण हा शब्द सहज उच्चारतो. त्या काळात पदरी एक-दीड वर्षाची मुलगी घेऊन नवऱ्यापासून वेगळी झालेली सुशिक्षित बाई म्हणजे गावाच्या दृष्टीने काय असेल, याची कल्पना आपल्या आजीच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना करता येईल. ताराबाईंनी त्यावर रडगाणे लावले नाही. त्यांनी नोकरी धरली.

ही नोकरी होती काठेवाडात, राजकोटला. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या मुख्याध्यापक झाल्या. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारी ही संस्था. पगार चांगला, हुद्दा मानाचा, राहायची सोय. माझ्यासारख्या पेन्शनीत निघालेल्या माणसाला विचाराल तर अशी नोकरी कोणी सोडू नये. पण गंमत पाहा. शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेच्या प्रमुख बाईंना स्वतःच्या लहानग्या मुलीला कुठे घालायचे हा प्रश्न होताच. त्या वेळची प्राथमिक शाळा म्हणजे पाटी, पाढे, मोठ्याने घोकणे आणि छडी. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा तर शिक्षणाशी काही संबंध असतो असे कोणाच्या मनातही येत नसे. त्याने घरी खेळावे, आजीच्या मागे लुडबुडावे, आणि अंगात जरा बळ आले की छडी खायला शाळेत जावे. आतून शाळा ठाऊक असलेल्या आईला तिथे मुलगी पाठवणे जास्तच जड जात असणार. हलवाई स्वतःच्या दुकानातले खात नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

राजकोटपासून भावनगर फार लांब नाही. तिथे दक्षिणामूर्ती नावाच्या संस्थेत एक गृहस्थ लहान मुलांची वेगळीच शाळा चालवतात, असे ताराबाईंच्या कानावर आले. हे गिजुभाई बधेका. त्यांचीही कथा अशीच आहे. हे मूळचे वकील. आफ्रिकेत नशीब काढून आलेले, वढवाणला वकिली चांगली चाललेली. १९१३ साली मुलगा झाला आणि वकीलसाहेब त्याच्यासाठी शाळा शोधू लागले. मनाजोगती शाळा सापडेना. गुजरातेत वाचनालयांची चळवळ उभारणारे मोतीभाई अमीन यांच्यामुळे त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांचे पुस्तक पडले, आणि अशिलांची कागदपत्रे हळूहळू बाजूला पडली. १९१६ साली ते दक्षिणामूर्तीत आले, १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. ओठांवर भरघोस मिशा आणि अंगाखांद्यावर पोरे, म्हणून लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले.

आणि माँटेसरीबाईंचे तरी काय? रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिले बालगृह उघडले ते मजुरांच्या मुलांसाठी. आईबाप कामावर गेल्यावर ही मुले इमारतीच्या भिंती खराब करीत, म्हणून त्यांना एका खोलीत गुंतवून ठेवायचे, एवढाच इमारतवाल्यांचा हिशोब होता. बाईंचा स्वतःचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि खेड्यातल्या परक्या कुटुंबात वाढत होता. लग्नाशिवाय झालेला, म्हणून लपवलेला. जगाला मुलाकडे बघायला शिकवणाऱ्या बाईला आपले मूल कित्येक वर्षे उघडपणे जवळ घेता आले नाही. बालशिक्षणाच्या या गोष्टीत तिन्ही माणसांच्या मागे आपापले एक मूल उभे आहे, हे मला विसरता येत नाही.

१९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरला आल्या. हुद्दा गेला, पगार कमी झाला. त्यांनी तिथे काय पाहिले असेल? टेकडीवरची इमारत. आत पाऊल टाकले तर बाके नाहीत. मुलाच्या हाताला लागतील एवढ्या उंचीची फडताळे. छोटे झाडू, छोटे पाट, छोटे तांबे. एक मूल पाणी भरते आहे, दुसरे खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवते आहे, तिसरे काहीच करीत नाही, नुसते बघते आहे, आणि त्याला कोणी रागावत नाही. शिक्षा नाही, बक्षीस नाही, परीक्षा नाही. मध्येच शांततेचा खेळ. सगळी पोरे डोळे मिटून आवाज ऐकत बसतात आणि दूर कुठेतरी कावळा ओरडतो. गिजुभाई गोष्टी सांगत, लोकगीते गात, मुलांची नाटके करवीत. परीकथांबाबत माँटेसरीबाई जरा कडक होत्या, पण काठेवाडच्या पोरांना राजाराणीची गोष्ट नको कशी सांगायची? गिजुभाईंनी पद्धत घेतली, सोवळे घेतले नाही. ताराबाईंनी हे त्यांच्याकडून उचलले आणि पुढे आयुष्यभर वापरले.

ताराबाई तिथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या. गुजराती आपलीशी केली, गिजुभाईंच्या बरोबरीने त्या भाषेत लिहू लागल्या. १९२५ साली भावनगरला बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर सुरू झाले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. या काळात त्यांच्या एक गोष्ट पक्की लक्षात आली असावी, कारण पुढची सगळी वर्षे त्या तिच्याच मागे होत्या. बालमंदिर म्हणजे साधने नव्हेत. साधने पैसे टाकले की मिळतात. मूल अडले की धावून न जाता दोन मिनिटे थांबू शकणारी बाई पैसे टाकून मिळत नाही, ती तयार करावी लागते. म्हणून ताराबाई जिथे जिथे गेल्या तिथे बालशाळेच्या शेजारी शिक्षिकांचा वर्ग निघाला. शहरात आज शाळा निवडताना आपण वातानुकूलित वर्ग बघतो, भिंतीवरचे हत्ती-जिराफ बघतो. वर्गातल्या बाई कुठे आणि किती दिवस शिकून आल्या, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. मलाही सुचले नव्हते.

मुंबईला परतल्यावर १९३३ साली त्यांनी मराठी शिक्षणपत्रिका सुरू केली, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार. दादर तेव्हा नवे होते. गिरगावच्या चाळीतून निघालेला मराठी मध्यमवर्ग इथे दोन-तीन खोल्यांच्या ब्लॉकात येऊन राहत होता. गावाकडचे अंगण मागे सुटले, आजी-आजोबा मागे सुटले. स्वयंपाकघर चार हात लांब, त्यात स्टोव्ह, आणि पायात घोटाळणारे तीन वर्षांचे मूल. अशा घरातल्या बायकांना बालमंदिर ही चैन वाटायची की गरज, हे सांगायला नकोच. पण नुसते मूल सांभाळायला घेणारी शाळा ताराबाईंना नको होती. पत्रिकेतून आणि व्याख्यानांतून त्या आईबापांनाच विद्यार्थी करीत होत्या. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, मारल्याने शिस्त लागते का, जेवताना त्रास का देते, अशा घरोघरच्या विषयांवर त्या लिहीत. बोजड मानसशास्त्र त्यांनी मराठी स्वयंपाकघरात आणून ठेवले. बाल्यावर मोठमोठी भाषणे करणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. सकाळी दूध न पिणाऱ्या पोराचे काय करायचे हे सांगणारे फार थोडे.

शिशुविहारच्या अध्यापन वर्गात शिकून बाहेर पडलेल्या बायकांनी ठिकठिकाणी बालवर्ग काढले. वर्ष-दीड वर्ष शिकून हाताला असा व्यवसाय लागला की बाईला कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हे ताराबाईंना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. मराठी शहरांत बालवाडीच्या बाई ही जी एक ओळखीची व्यक्ती आहे, सुती साडीतली, गळ्यात गाणे असलेली, तिचा उगम बऱ्याच अंशी या वर्गांत आहे.

इथपर्यंतच्या कामावरही एखाद्या संस्थेने त्यांचा अर्धपुतळा बसवला असता. वय पन्नाशीला आले होते. दादरला मुले येत होती, नाव झाले होते. पण एक काटा सलत होता. रोमच्या मजूर वस्तीत निघालेली पद्धत हिंदुस्थानात येता येता फी देणाऱ्यांची झाली होती. साधने महाग, लाकूड अमुकच, माप तमुकच. शाळा निवडायची ती निवडू शकणाऱ्यांनी. जिच्या आईबापाला शाळेची चौकशी करायलाही उसंत नाही, त्या मुलीला कुठे घालायचे?

गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत नयी तालीमचा विचार लहानपणापासून म्हातारपणापर्यंत वाढवला गेला. शाळापूर्व वयाच्या मुलांचा प्रश्न आता खेड्यात नेऊन सोडवायचा होता. ताराबाईंनी मुंबई सोडली आणि त्या बोर्डीला गेल्या.

बोर्डी हे समुद्राकाठचे गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघरमध्ये. चिकूच्या वाड्या, नारळी, खारा वारा. आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणाला वाहून घेतलेली माणसे तिथे आधीपासून होती. १९४५ साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. मदतीला अनुताई वाघ आल्या. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झालेल्या, मग शिकून शिक्षिका झालेल्या. तेव्हा पस्तिशीच्या होत्या. दोघींचे वय, शिक्षण, स्वभाव वेगळे, पण जोडी जमली ती शेवटपर्यंत.

केंद्र सुरू झाले, बाई आल्या, खेळ मांडले. आणि हवी ती मुले आलीच नाहीत. गावातल्या बऱ्या घरची मुले आली. ज्यांच्यासाठी मुंबई सोडली, ती गावाबाहेरच्या वस्त्यांतली पोरे वस्तीतच राहिली. माझ्यासारख्या बँकेच्या माणसाने अशा वेळी वरच्या ऑफिसला अहवाल पाठवला असता, की योजना चांगली आहे परंतु लाभार्थींचा प्रतिसाद नाही. असे अहवाल मी लिहिलेही आहेत. खेड्यात शाखा उघडायची, काउंटरवर बसून राहायचे, आणि माणसे येत नाहीत म्हणून माणसांना दोष द्यायचा. ताराबाई आणि अनुताई उठून वस्तीत गेल्या. तिथे पाहिले तर कारणे साधीच होती. आईबाप पहाटे कामाला गेलेले. सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर एक वर्षाचा भाऊ. तिने भावाला कुठे ठेवून यायचे? अंगावर धड कपडा नाही, तो घालून गावच्या पोरांत कसे बसायचे?

मग त्यांनी शाळाच उचलली आणि वस्तीतल्या एखाद्या घरापुढच्या अंगणात नेऊन ठेवली. अंगण झाडायचे, मुलांची तोंडे धुवायची, नखे काढायची, केस विंचरायचे, गाणे म्हणायचे, आणि मग जे हाताशी असेल ते साधन. चिंचोके मोजायला, शिंपले लहान-मोठे लावायला, पाने रंगांप्रमाणे मांडायला, समुद्राची वाळू अक्षर गिरवायला. इटलीच्या गुळगुळीत लाकडी ठोकळ्यांचे काम फुटक्या बांगड्या आणि काथ्या करू लागल्या. कडेवरच्या भावालाही तिथेच पाळणा मिळाला. या प्रकाराला नाव पडले अंगणवाडी. शब्द इतका साधा की तो कोणाला तरी सुचावा लागला, हेसुद्धा लक्षात येत नाही.

अंगणवाडी चालवायला शहरातली पदवीधर बाई किती दिवस टिकणार? तेव्हा बोर्डीला ग्रामीण बालशिक्षिकांचा वर्ग निघाला. चार इयत्ता शिकलेली का असेना, पण त्याच मुलखातली, तीच बोली बोलणारी मुलगी घ्यायची आणि तिला घडवायचे. दादरला जे केले तेच, फक्त मोजमाप बदलले.

१९५७ साली काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथे वारली. सावकार आणि जमीनदारांच्या वेठीत पिढ्यान् पिढ्या पिचलेले. याच मुलखात १९४५ साली वारल्यांचा उठाव झाला होता. शाळा या वस्तूविषयी त्यांना आस्था वाटावी असे काही कधी घडले नव्हते. मुलगा पाच वर्षांचा झाला की मालकाची गुरे राखायला जायचा, त्याच्या बदल्यात घराला काहीतरी मिळायचे. त्याला शाळेत बसवायचे म्हणजे घरातला एक घास कमी करायचा. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या. अंगण तर वस्तीत होते, पण मूल रानात होते. मग शाळा गुरांच्या मागे रानात गेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत आहेत, झाडाखाली बाई बसल्या आहेत, आणि पोरे एक डोळा गुरांवर ठेवून शिकत आहेत. दिवसा जमत नसेल त्यांना रात्री. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणून तिला विकासवाडी म्हटले. थोरली बहीण वर्गात, मधला बालवाडीत, धाकटा पाळण्यात. एकाला कुठे घालायचे हा प्रश्न सोडवताना तिघांचा एकदम सोडवावा लागतो, हे टेकडीवरच कळले.

या सगळ्यात गैरसोयी किती झाल्या असतील ते अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात वाचायला मिळते. यश-अपयशाचा ताळेबंद काढायचा तर तो सरळ नाही. आलेली मुले गळत, पावसाळ्यात लावणीला घरेच्या घरे निघून जात, पुन्हा पहिल्यापासून गोळा करावी लागत. ज्यांना आकडे हवे असतात त्यांना हे काम कधी समाधान देणार नाही. सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण दिले.

दादरच्या दिवसांत त्यांच्या मागे शहरातल्या सुशिक्षित आया होत्या, चर्चा होती, वर्गणीदार होते. टेकडीवर वाद घालायलाही कोणी नव्हते. पण त्यांनी दादरचे काम चुकीचे ठरवले नाही, शिशुविहार चालू राहिले. मला वाटते, त्यांच्या लेखी दादरचे मूल आणि वारल्याचे मूल यांत फरक एवढाच होता, की एकाला शाळेपर्यंत आणणारे कोणीतरी होते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई वारल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. देशभर आज अशी तेरा लाखांहून अधिक केंद्रे आहेत. बंगालीत, तमिळमध्ये, पंजाबीत तोच मराठी वळणाचा शब्द बोलला जातो. या केंद्रांतल्या सेविकांना मिळणारे मानधन किती तुटपुंजे आहे, आणि ते वाढावे म्हणून त्यांना किती वेळा मोर्चे काढावे लागले, हे वृत्तपत्र वाचणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. १९९३ साली यशपाल समितीने बालवर्गांच्या प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा आणि मुलाखती बंद कराव्यात असे सुचवले. तोवर माझ्या मुलाच्या वांग्याच्या प्रकरणाला बरीच वर्षे उलटून गेली होती.

गेल्या महिन्यात सूनबाईंनी चार शाळांची माहितीपत्रके माझ्यापुढे टाकली आणि नातीसाठी कुठली बरी, असे विचारले. मी म्हटले, एकदा आत जाऊन पाहू. दोन शाळांनी वर्ग चालू असताना आत सोडले नाही. तिसरीत सोडले. सूनबाई फीचा तक्ता वाचत होत्या तेवढ्यात मी हात धुवायच्या नळापाशी जाऊन उभा राहिलो. नळ माझ्या कमरेच्या वर होता. मुले रांगेत उभी होती आणि एक मावशी एकेकाला उचलून हात धुवून देत होती. चौथी शाळा पाहायची अजून राहिली आहे.